शहराच्या वातावरणीय आराखड्यात स्थानिक जाणकारांनी नेमके काय करावे?

कोल्हापूरहून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी प्रश्न विचारला आहे. ते स्वतः, वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका, दोन डॉक्टर, फाउंड्री चालवणारे एक उद्योजक आणि महावितरणमधून निवृत्त झालेले एक सहकारी असे आठ-दहा जण शहराच्या वातावरणीय कृती आराखड्यासाठी, म्हणजे उत्सर्जन कमी करण्याच्या आणि पूर-उष्णतेला तोंड देण्याच्या योजनेसाठी, विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. अशा गटाने नेमके काय करावे, महापालिकेत कोणत्या दारातून शिरावे, आणि आराखडा करायला सल्लागार संस्था नेमली गेलीच तर आपली गरज उरते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी नागरी जलनिःसारणाचे काम करणारा अभियंता आहे आणि राज्यातील दुसऱ्या एका शहरात गेली सोळा वर्षे महापालिकेच्या वेगवेगळ्या समित्यांवर विनावेतन काम करतो आहे. त्या अनुभवातून सविस्तर उत्तर देतो.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे दोन अवलंबून आहेत. सल्लागार संस्थेचे काम वेगळे असते आणि ते आपण हौसेने अंगावर घेऊ नये. मुंबईचे उदाहरण पाहा. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासाठी शहराच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची पूर्ण मोजदाद करण्यात आली होती. २०१९ हे आधारवर्ष धरून ते उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके निघाले आणि त्यातील ७२ टक्के वाटा इमारतींमध्ये वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा होता. वाहतुकीचा २० आणि कचऱ्याचा ८ टक्के. ही आकडेमोड आंतरराष्ट्रीय पद्धतीने करावी लागते. तिला वीज कंपन्यांची, इंधनविक्रीची, कचऱ्याच्या वजनकाट्याची आकडेवारी लागते आणि पगारी माणसे महिनोन्‌महिने बसवावी लागतात. आठ निवृत्त माणसांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसून हे करू नये. केले तर ते अर्धवट राहील आणि त्यातच सगळ्यांचा उत्साह संपेल.

मात्र आराखडा छापून झाला की सल्लागाराचे काम बहुधा संपते. त्यानंतर त्यातील वाक्य महापालिकेच्या अर्थसंकल्पातील लेखाशीर्षापर्यंत, म्हणजे ज्या नावाखाली पैसे ठेवले जातात त्या नोंदीपर्यंत, तिथून कामाच्या अंदाजपत्रकापर्यंत, निविदेच्या अटींपर्यंत आणि शेवटी मुकादमाच्या हातातील फावड्यापर्यंत पोहोचायचे असते, आणि या वाटेवर त्याच्यासोबत चालणारे कोणी नसते. अधिकारी बदलतात, आयुक्तांची तर दोन-अडीच वर्षांत बदली होते. २०२० ते २०२२ या काळात मुदती संपल्यानंतर राज्यातील बहुतेक महापालिकांत कित्येक वर्षे प्रशासक होते, त्यामुळे नगरसेवकांकडून होणारा पाठपुरावाही थांबला होता. शहरात कायम राहणारी, विषय जाणणारी आणि कोणाच्याही पगारावर नसलेली माणसे त्या काळात फक्त आपल्यासारखीच होती. माझ्या मते आपली गरज इथे आहे, आणि ती फार मोठी आहे.

हे मी अनुभवातून शिकलो. आमच्या शहरात आम्ही पहिल्यांदा एकत्र आलो तेव्हा दीड वर्ष खपून पूर, उष्णता आणि पाणी या तीन विषयांवर एकशे दहा पानांचा अहवाल लिहिला. त्याचे रीतसर प्रकाशन झाले, भाषणे झाली, आम्हाला शाली मिळाल्या. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यातील एकाही शिफारशीसाठी एक रुपयाची तरतूद नव्हती. पुढे एका कनिष्ठ अभियंत्याने मला शांतपणे सांगितले, "सर, तुमचा अहवाल फेब्रुवारीत आला. आमच्या विभागाच्या मागण्या नोव्हेंबरमध्येच गेल्या होत्या. आणि कुठल्या लेखाशीर्षाखाली पैसे मागायचे, ते त्यात कुठेच नव्हते." त्या दिवसापासून आम्ही अहवाल लिहिणे जवळजवळ बंद केले. आता आम्ही ऑक्टोबरमध्ये बसतो, संबंधित विभागाच्या अभियंत्यांबरोबर प्रत्येक सूचनेचे लेखाशीर्ष ठरवतो, चालू दरसूचीप्रमाणे खर्चाचा ढोबळ आकडा काढतो आणि दोन पानांची टिपणी देतो. आयुक्तांचे अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीसमोर येते, तेव्हा त्यात आपली तरतूद आहे की नाही ते तपासतो. तरतूद झाली तरी ती वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वर्ग होऊ शकते, म्हणून सप्टेंबरमध्ये पुन्हा पाहतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण फळ देते ते हेच.

एक प्रसंग जरा तपशिलाने सांगतो, कारण स्थानिक जाणकार म्हणजे कोण याविषयीची माझी समजूत त्यातून बदलली. आमच्याकडे नाल्यालगतची एक वस्ती दरवर्षी बुडायची, आणि बैठकांत कारण एकच दिले जायचे, पाऊस वाढला. आम्ही लेव्हल आणि स्टाफ ही पातळी मोजण्याची साधने घेऊन तिथे गेलो. एका घराच्या दाराच्या लाकडी चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या सात-आठ आडव्या रेषा होत्या आणि प्रत्येकीशेजारी वर्ष कोरलेले होते. घरच्या आजींनी पाणी जिथपर्यंत चढले तिथे दरवर्षी रेघ मारून ठेवली होती. मी म्हटले, पाऊस वाढत चालला आहे असे दिसते. त्यावर त्या म्हणाल्या, "पाऊस तेवढाच आहे हो साहेब, रस्ता वर आलाय." आम्ही मोजले तेव्हा रस्त्याची पातळी घराच्या जोत्यापेक्षा सात इंचांनी वर निघाली. जुना डांबराचा थर न काढता त्यावर नवा, त्यावर आणखी एक, आणि शेवटी काँक्रीट असे थर वर्षानुवर्षे चढत गेले होते. शेजारच्या शाळेच्या गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या नोंदी चौकटीवरच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तर सर्वांत वरची रेघ सर्वांत जास्त पावसाच्या वर्षाची नव्हती. पाऊस कमी असूनही पाणी जास्त चढलेली दोन वर्षे त्यात होती.

यावर उपाय म्हणून कोणताही मोठा प्रकल्प लागला नाही. रस्त्याच्या निविदेत, नवा थर टाकण्यापूर्वी जुना थर खरवडून काढावा आणि कामानंतरची रस्त्याची पातळी लगतच्या जोत्याखाली राहील याची मोजमाप पुस्तिकेत नोंद करावी, एवढी अट घालायची होती. ती घालून घेण्यात आमचे दोन अर्थसंकल्प गेले, कारण खरवडण्याचा खर्च वेगळा दाखवावा लागतो आणि तो कोणाला नको होता. आज ती अट तिथल्या सर्व रस्त्यांच्या निविदांत आहे. त्या आजींचे निरीक्षण नसते तर आम्ही नाला रुंद करण्याचा कोट्यवधींचा प्रस्ताव मांडला असता आणि घरे बुडतच राहिली असती.

आपल्या शहराला याच गोष्टी लागू होतात. कोल्हापुरात पावसाळा लागला की पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी प्रत्येकाच्या तोंडी असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, यावरून लोक घरातले सामान वर चढवायचे की नाही ते ठरवतात. सुतारवाड्यात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत कोणत्या पातळीला पाणी शिरते, ते तिथले रहिवासी फुटांत सांगू शकतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आणि नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने चहूकडे पूर असताना नळाला मात्र पाणी नव्हते. आपल्या गटाने पहिले काम निवडायचे असेल तर मी या उपसा केंद्रांचेच निवडीन. प्रत्येक उपसा केंद्रातील मोटारी, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर यांची पातळी राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत लिहून काढावी. म्हणजे कोणत्या फुटाला कोणते यंत्र बंद पडते, याचा एक पानी तक्ता तयार होईल. पाटबंधारेतील अभियंता आणि महावितरणमधील अभियंता आपल्याकडे आहेतच. हा तक्ता हातात असेल तर पॅनेल उंचावण्याची मागणी कोणत्याही अधिकाऱ्याला टाळता येणार नाही, आणि त्याचा खर्च शहराच्या मानाने किरकोळ आहे.

शहरातल्या शहरात पडणाऱ्या पावसाचे गणितही आपणच मांडावे, कारण ते सामान्य माणसाला समजते. एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होते. दहा हेक्टरांच्या वस्तीवर पन्नास लाख. जमीन मातीची, बागांची, मोकळ्या परसांची असेल तर त्यातले ढोबळमानाने चाळीस टक्के वाहून जाईल, म्हणजे वीस लाख लिटर; तीच वस्ती पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटने झाकली तर नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस लाख. पाऊस तितकाच राहूनही जुन्या मोरीवर दुपटीहून जास्त भार येतो, आणि त्यात वातावरण बदलामुळे कमी वेळात जास्त पाऊस पडू लागला की तो आणखी वाढतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाणी निचऱ्याच्या व्यवस्थेची जी चिकित्सा केली, ती आपल्यासारख्या अभियंत्यांनी आवर्जून वाचावी. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याच्या कामाला त्या प्रलयानंतरच वेग आला, ते काम सुचवणारा मूळ अहवाल मात्र १९९३ पासून तयार होता. अहवाल आणि अंमलबजावणी यांच्यात बारा वर्षांचे अंतर पडले आणि त्याची किंमत माणसांनी मोजली, हे माझ्यासारख्याला विसरता येत नाही.

आता दाराचा प्रश्न. नवी समिती स्थापन करा असे आयुक्तांना निवेदन देण्यापूर्वी कायद्याने आधीच असलेल्या जागा पाहाव्यात. झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ नुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या प्राध्यापिकांनी तिथून सुरुवात करावी. महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सादर करायचा असतो. बहुतेक ठिकाणी हा अहवाल मागील वर्षीचे आकडे पुढे ढकलून तयार होतो, म्हणून एप्रिलमध्येच पर्यावरण विभागाला भेटून एखादे प्रकरण नीट लिहून द्यायची तयारी दाखवली तर विभाग ती बहुधा आनंदाने स्वीकारतो. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच शीर्षांखाली शहरांना गुण मिळतात, आणि त्या गुणांसाठी महापालिकेला पुरावे जमवावे लागतात. त्यामुळे त्या कक्षातील कर्मचाऱ्यांना आपली मदत हवीच असते. गुणांच्या मागे लागून रंगवलेल्या भिंतींचेच फोटो जमू नयेत, याकडे मात्र लक्ष ठेवावे लागेल.

कोणत्याही समितीवर जाताना काही गोष्टी कागदावर घेतल्याशिवाय बसू नये. नियुक्तीचे पत्र आयुक्तांच्या सहीचे असावे आणि त्यात मुदत, बैठकांची किमान संख्या आणि कोणती माहिती मिळण्याचा हक्क आहे ते लिहिलेले असावे. इतिवृत्त आठ दिवसांत मिळावे, आणि आपले मत वेगळे असेल तर ते भिन्नमत म्हणून त्यात नोंदवले जावे. हा आग्रह उगाच धरत नाही. मुंबईत ऑगस्ट २०१९ मध्ये आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडसाठी २,६०० हून अधिक झाडांबाबतचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणाने मंजूर केला आणि त्यानंतर काही तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. तज्ज्ञ बैठकीला हजर होते एवढीच नोंद राहिली तर त्यांच्या नावाचा उपयोग निर्णयाला वजन आणण्यापुरता होतो. आपले म्हणणे त्याच दिवशी, लेखी, आवक क्रमांकासह द्यावे.

याला जोडूनच हितसंबंधांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या गटातील कोणी महापालिकेचे ठेकेदार, सल्लागार किंवा पुरवठादार असतील, किंवा पूररेषेच्या आत कोणाची जमीन असेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे आणि त्या विषयावर त्यांनी गप्प बसावे. कोल्हापुरात निळ्या आणि लाल पूररेषेचा विषय, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेचा विषय, किती जणांच्या सातबाऱ्याला भिडतो हे आपण जाणता. आमच्या गटाचे नाव एकदा अशाच कारणाने खराब झाले. एक सदस्य ज्या प्रकारच्या जलशुद्धीकरण यंत्रणेची शिफारस करत होते, तिची एजन्सी त्यांच्या भाच्याकडे होती. शिफारस तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हती, तरी दोन वर्षे आमच्या कोणत्याही पत्राकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही.

आपल्या डॉक्टर सदस्यांसाठी अहमदाबादचा दाखला सर्वांत उपयोगी आहे. मे २०१० मध्ये तिथे तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसले. ते दिसले याचे कारण महापालिकेच्या मृत्यूनोंदी कोणीतरी दिवसवार मांडून तापमानाशेजारी ठेवल्या. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतील संशोधक, महापालिका आणि बाहेरचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि २०१३ मध्ये देशातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तिथे अमलात आला. बहुतेक मृत्यूंच्या दाखल्यावर उष्माघात असा शब्द नसतो; हृदयक्रिया बंद पडली, मूत्रपिंड निकामी झाले, असेच लिहिलेले असते. म्हणूनच स्थानिक डॉक्टरांनी मागील दहा वर्षांच्या एप्रिल-मे महिन्यांच्या नोंदी जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून नावे वगळून मिळवाव्यात आणि आपल्या शहरात कोणत्या तापमानाला मृत्यूंचा आकडा चढू लागतो ते पाहावे. कोल्हापूरची हवा अहमदाबादपेक्षा कितीतरी सौम्य आहे, पण तिथला आकडा इथे उसना आणून चालत नाही. पत्र्याच्या घरात रात्री अकरानंतरही भिंती गरम राहतात आणि लहान मूल झोपत नाही, ही गोष्ट हवामान केंद्राच्या नोंदीत कधीच येत नाही. ती आपल्यालाच नोंदवावी लागेल.

फाउंड्रीवाल्या सदस्यांनी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांच्या विजेच्या वापरावर काम करावे हे उघड आहे. फक्त या वसाहती महापालिकेच्या हद्दीबाहेर पडतात, त्यामुळे ते काम उद्योजकांच्या संघटनेमार्फत करावे आणि शहराच्या आराखड्यात त्याचा स्वतंत्र उल्लेख राहू द्यावा. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या उंचीच्या वादात मात्र गटाने शिरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो विषय खरा आहे, पण तो राज्याराज्यांत आणि न्यायाधिकरणात सुटायचा आहे, आणि त्यावर बोलत बसले की उपसा केंद्राचे पॅनेल त्याच जागी राहते.

आपण पाठवलेल्या नावांत पदवी असलेले सगळे आहेत. त्यात उपसा केंद्रावरचा पंपचालक नाही, केएमटीचा बसचालक नाही, आरोग्य विभागाची मुकादम नाही, आणि सुतारवाड्यातून दरवर्षी बोचके बांधून बाहेर पडणारी एकही बाई नाही. पंपचालकाला पाण्याचा वास आणि मोटारीचा आवाज यांवरून जे कळते ते आपल्या कोणत्याही आलेखात नसते. यांपैकी तिघा-चौघांना तरी पहिल्या बैठकीपासून बसवावे. बैठक त्यांच्या पाळीनंतर ठेवावी, आणि ज्यांचा रोज बुडतो त्यांना तो द्यावा. विनामोबदला काम करण्याची ऐपत निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची असते, रोजंदारीवरच्या माणसाची नसते. आमच्या गटात आम्ही यासाठी दरमहा आपसांत वर्गणी काढतो.

आपण शेवटी आपले वय सदुसष्ट असल्याचे लिहिले आहे आणि हे किती वर्षे चालवावे लागेल, असे विचारले आहे. किमान दहा वर्षे धरून चाला, आणि म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच शिवाजी विद्यापीठातील आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दोन-तीन तरुणांना प्रत्येक मोजमापाला बरोबर न्या. नोंदी स्वतःच्या संगणकात ठेवू नका. एक जाड बांधणीची वही ठेवा, तिची प्रत महापालिकेच्या विभागात आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहू द्या. आमच्या शाळेच्या गच्चीवरचा पर्जन्यमापक मी अकरा वर्षे रोज सकाळी साडेआठला वाचला. गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर ते काम त्याच शाळेतील एका शिक्षिकेने घेतले, आणि एके वर्षी जुलैत तिने मला दूरध्वनी करून सांगितले की माझ्या जुन्या नोंदीतील तीन दिवसांचा पाऊस चुकीच्या रकान्यात गेलेला आहे. तो तिने दुरुस्त करून, शेजारी तारीख घालून सही केली.